मोकळ्या जागेतला पास

कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानावर कुणी गप्प बसत नाही, आणि मीही बसले नाही. माझी चौदा वर्षांची सई उजव्या कडेने पळून पास घ्यायला शिकते आहे. उद्याच्या सामन्यात तिला खेळवायचं की नाही, ते आज ठरणार होतं. तिचे कोच, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मैदानाच्या मधून चेंडू मारत होते. तिच्याकडे नव्हे, तिच्या बऱ्याच पुढे, जिथे कुणीच नव्हतं अशा मातीवर.

दोन पास हुकले. तिसऱ्याला सई सुसाट सुटली आणि मैदानाच्या कडेच्या जाळीमागून मी ओरडले, "सई, थांब! आधी चेंडू बघ!"

ती थांबली. चेंडू रेषेबाहेर गेला.

मामा जाळीपाशी आले. "वहिनी, पोरगी पळतीया. तुम्हीच थांबवताय तिला."

मला राग आला, आणि लाजही वाटली. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना मी तिला हेच तर शिकवत आले: थांब, आधी बघ, मग जा. इथे आधी जायचं असतं. चेंडू मारणाऱ्याने रिकाम्या जागेवर भरवसा ठेवायचा आणि पळणारीने त्याच्यावर. त्यात आईचं काय काम?

मामांनी शेवटचा चेंडू ठेवला. मी ओढणीचं टोक दातांत धरलं. त्यांचा पाय हलायच्या आधीच सई निघाली.

तिने चेंडू गाठला, हे मी नंतर पाहिलं. आधी दिसलं ते एवढंच, की माझ्यासमोरून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.