भासरे आमदार झाले तेव्हापासून

आमच्या मतदारसंघात कोणीही उठावं आणि आमदारांच्या दारात जाऊन बसावं. म्हातारे निराधारच्या पैशासाठी जातात, पोरं नोकरीच्या चिठ्ठीसाठी जातात, शेताच्या धुऱ्याच्या भांडणातले दोन्हीकडचे जातात आणि चहा पिऊन परत येतात. मला एकटीला जाता येत नाही. आमदार माझे भासरे आहेत, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. त्यांच्या समोर येत नाही, आलीच तर पदर पुढं ओढते आणि भिंतीच्या कडेनं जाते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे पाळत आले. मला ते जड गेलं नाही. मी मुळातच कमी बोलणारी. चार माणसांत माझा आवाज निघत नाही.

यंदा गावची शाळा बंद झाली आणि माझ्या लेकीचं पाचवीचं वर्ष त्यात अडकलं. तेव्हा पहिल्यांदा मला हे जड झालं.

सासूबाई होत्या तोवर निरोपाचं काम त्या करत. मी चुलीजवळून म्हणायची, "त्याईले म्हणा, पाणी काढलं." त्या ओसरीकडं तोंड करून म्हणायच्या, "पाणी काढलं रे." दोघांमध्ये फक्त एक दार असायचं. भासऱ्यांनी माझं बोलणं आधीच ऐकलेलं असायचं, तरी सासूबाई सांगेपर्यंत ते उठत नसत. त्यांचाही निरोप तसाच यायचा, "तिले सांग व माय, पंधरा कप टाक म्हणा." असे किती चहा मी केले असतील. त्यांचं सगळं राजकारण मी दाराच्या या बाजूनं ऐकलं. ते ग्रामपंचायतीत होते तेव्हा कार्यकर्ते दोनच होते आणि त्यातला एक माझा नवरा. सरपंच झाले तेव्हा ओसरीवर सतरंजी आली. जिल्हा परिषदेला उभे राहिले तेव्हा खुर्च्या आल्या. आमदार झाले आणि वर्ध्याला बंगला बांधून निघून गेले. खुर्च्या आमच्याकडेच राहिल्या.

त्या ओसरीवर त्यांनी काय काय मागितलं ते मला पाठ आहे. विदर्भ वेगळा झाला पाहिजे म्हणायचे. सत्तेत गेल्यावर तो शब्द त्यांच्या तोंडून गेला. जिल्ह्यात दारूबंदी आहे ती कडक पाळा म्हणायचे. एकदा बायांना घेऊन नाल्यातल्या हातभट्टीवर गेले, मडकी फोडली, फोटो निघाले. आता म्हणतात बंदीचा फायदा चोरांनाच होतो, विचार करायला पाहिजे. पक्ष बदलला तेव्हा जुन्या रंगाच्या दुपट्ट्यांचं गाठोडं इथंच टाकून गेले. कापड चांगलं होतं. मी धुऊन ठेवले. लोणच्याच्या बरण्यांची तोंडं मी अजून त्या दुपट्ट्यांनीच बांधते.

यातल्या कशाचा मला राग नव्हता. माणसं मतं बदलतात, आणि राजकारणातलं मला काय कळतं, असं मी धरून चालले होते. पण शाळेचं तसं नव्हतं. शाळेत त्यांनी मला ओढलं होतं.

जिल्हा परिषदेच्या त्या निवडणुकीत मारुतीच्या देवळासमोर सभा होती. आम्ही बाया पारामागं बसलो होतो. भासरे भाषणात म्हणाले, "आमच्या घरची सून चौथी शिकली. पुढं काऊन नाई शिकली? बुद्धी नव्हती? तिच्या गावात पाचवीचा वर्गच नव्हता! दुसऱ्या गावाले पोरीले कोण पाठवते? आपल्या गावात तरी दुसरं काय हाय? मले निवडून द्या, पाचवी ते सातवी इथं आणून दाखवतो." टाळ्या पडल्या. बाया माझ्याकडं वळून बघायला लागल्या. मी गुडघ्यात तोंड घातलं. हे त्यांना कोणी सांगितलं, मला कळेना. मी त्यांच्याशी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. नवऱ्यानं सांगितलं असेल. मी रात्री कधी तरी त्याला म्हटलं होतं की चौथीच्या परीक्षेनंतर मी दप्तर खुंटीवरून काढलंच नाही, आईनं एक दिवस त्यात लसूण भरला.

नंतर प्रत्येक गावात त्यांनी ते सांगितलं. मला लाज वाटायची, आणि खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटायचं. कोणाला तरी ते दुःख वाटलं होतं.

आणि त्यांनी वर्ग आणले. हे नाकारता येणार नाही. तीन खोल्या बांधल्या, मास्तर आणले, गावच्या पोरी सातवीपर्यंत शिकायला लागल्या. माझा मुलगा तिथंच शिकला. तो आता पुण्याला कंपनीत आहे. लेक उशिरा झाली, तीही तिथंच घातली. घरच्यांना शहरात घालायची ऐपत होती, पण माझ्या नवऱ्यानं अभिमानानं सांगितलं, "दादानं आणलेली शाळा हाय, आपली पोट्टी दुसरीकडं कायले?" दादांची स्वतःची मुलं तेव्हा नागपूरला शिकत होती.

मग ज्यांना जमलं त्यांनी लेकरांच्या शिक्षणासाठी वर्ध्याला खोल्या केल्या. शाळेचा पट उतरला. गाई राखणाऱ्यांची, मजुरी करणाऱ्यांची पोरं राहिली, आणि त्यातही पोरी जास्त. एक दिवस नवरा मोबाईल घेऊन चुलीजवळ आला. "पाय, दादा सभागृहात बोलून राह्यले." मी पाहिलं. पांढरा शर्ट, समोर माईक. तोच आवाज. लहान लहान शाळा चालवणं हा मुलांवर अन्याय आहे म्हणत होते. मूठभर पोरांसाठी इमारत, मूठभर पोरांसाठी मास्तर, त्यापेक्षा चार गावांची मिळून एक मोठी शाळा करा, मैदान द्या, कम्प्युटर द्या. सभागृहात बाकं वाजली.

"चांगलं बोलले नाई?" नवरा म्हणाला.

"आपली शाळा बंद होईन का?" मी विचारलं.

"आपली कशी होईन? आमदाराचं गाव हाय."

उन्हाळ्यात आदेश आला. आमची शाळा पलीकडच्या गावच्या शाळेला जोडली. मधे कपाशीची शेतं आणि एक नाला. एसटी त्या रस्त्यानं जात नाही.

त्याच आठवड्यात भासरे जेवायला येणार होते. आंब्याच्या दिवसांत एकदा ते घरी येतात, गावातली माणसं पंगतीला बसतात. सकाळी मी रसाचे आंबे चेपत बसले होते, तर मागच्या दारानं बाया आल्या. पुढं होती ती गायक्याची, गावच्या गाई राखणाऱ्याची, बायको. तिची पोरगी माझ्या लेकीच्या वर्गात.

"वहिनी, आज तुमचे भासरे येते नं?"

"येते."

"मंग तुम्ही बोला नं बाप्पा त्याईच्याशी. आमी बंगल्यावर गेलतो, आमाले म्हणते निवेदन द्या. तुमी घरच्या हा."

"मी कशी बोलू? भासरे हायत माहे."

"म्हणूनच तं! घरच्या माणसाचं ऐकन नाई तं कोणाचं ऐकन?"

मागून एक म्हातारी हसली. "अवं, साऱ्या गावातून तुमी बोलाले कोणाले निवडलं? ते एकटीच हाय जिले त्याच्याशी बोलता येत नाई!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण गायक्याची बायको हसली नाही. ती म्हणाली, "तुमची पोट्टी तं जाईन कोठीही. माही घरी बसन. इतकंच विचारा."

ओसरीवर पंगत बसली. नवरा वाढत होता. सासूबाई नव्हत्या, मुलगा पुण्याला. निरोप सांगायला घरात एकच माणूस उरलं होतं, माझी लेक. मी तिला दारात उभी केली आणि तिच्या कानात सांगितलं. ती पुढं गेली, फ्रॉक सारखा केला आणि म्हणाली, "मोठे बाबा, आई म्हणते आमची शाळा काऊन बंद केली?"

त्यांनी रसाची वाटी खाली ठेवली आणि हसले. तिला जवळ घेतलं. "तुह्या मायले सांग, तू काही चिंता करू नको म्हणा. तू वर्ध्याले येजो. मोठ्या बाबाच्या घरी राहाजो. मस्त कॉन्व्हेंटात टाकतो तुले. बूट, टाय, सायकल. येशीन?"

तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला होता की मला त्याच क्षणी कळलं, ही गेली. पंगतीतली माणसं म्हणाली, "वा भाऊ, झालं काम."

मला माझ्या नणंदेची मुलगी आठवली. तीही शिकायलाच त्या बंगल्यावर गेली होती. दोन वर्षांत तिला पन्नास माणसांचा चहा कसा करायचा ते आलं. शाळा सुटत गेली, कोणी काढली नाही, नुसती सुटत गेली. आणि समजा माझी लेक खरंच शिकली, तरी आमच्या घरची पोर गेल्यावर गावच्या शाळेचं कोण विचारणार होतं?

मी उंबऱ्याबाहेर कधी आले ते मला आठवत नाही. हातात रसाचं भांडं होतं. मी सरळ त्यांच्याकडं पाहून म्हटलं, "अन बाकीच्या पोरीईचं काय?"

माझा आवाज मोठा नव्हता. पण तो पंगतीच्या टोकापर्यंत गेला. नवऱ्याच्या हातातली पोळी तशीच राहिली. भासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी भावाकडं पाहिलं.

"बोलाले लागली का बे तुही बायको?"

नवरा पुढच्या ताटात पोळी वाढायला वळला. भासरेच पुढं म्हणाले,

"चांगलं हाय. पंचायत समितीची सीट बायांची निघाली का हिलेच उभी करू. तू बस मंग घरी पोळ्या लाटत."

पंगत हसली. कोणी तरी म्हणालं, "भाऊ, वहिनी डिपॉझिट जप्त करन समोरच्याचं." पुन्हा हसली. मी उभीच होते. मला वाटलं, हसणं संपलं की ते उत्तर देतील. त्यांनी वाटी पुढं केली आणि भावाला म्हणाले, "रस वाढ." मग कापसाच्या भावावर बोलणं गेलं.

तोवर मला वाटत होतं, रीत आड येते म्हणून मी बोलू शकत नाही. त्या दिवशी कळलं, रीत मी मोडली तरी ती त्यांच्या कामाची होती. बाईशी बोलायचं नाही म्हटलं की उत्तरही द्यावं लागत नाही.

गाड्या गेल्यावर नवरा म्हणाला, "इज्जत काढली तू माही. पंगतीत."

"त्याईनं उत्तर नाई देलं."

"तुले उत्तर देतीन का ते? पोट्टीची सोय करून देली नं त्याईनं? आणखी काय पायजे?"

"ते तिथं जाणार नाई."

"मंग काय त्या गावच्या झेडपीत जाईन? आमदाराची पुतणी, नाला ओलांडून?"

"जाईन. मी जाईन तिच्या संगं."

त्यानं तिला मोटारसायकलवर सोडायचं नाकारलं. लोक काय म्हणतील म्हणाला. म्हणून शाळा उघडल्यापासून मी पायी जाते. बाई सोबत असेल तर पाठवतो असं बाकीच्यांनीही म्हटलं, म्हणून गायक्याची पोरगी आणि आणखी काही पोरी आमच्याबरोबर निघाल्या. नाल्याला पाणी आलं तेव्हा काही गळल्या. कापूस वेचणी लागली तेव्हा आणखी गळल्या. जिच्यासाठी तिची आई मागच्या दारी आली होती, ती गायक्याची पोरगी दिवाळीनंतर आली नाही. तिच्या आईनं सांगितलं, "लहानग्याले पाहाले कोणी नाई वहिनी."

मधे निवडणूक झाली. मी भासऱ्यांच्या चिन्हासमोरचं बटन दाबलं नाही. त्यांच्या विरोधातलं घरातलं ते पहिलंच मत असेल. त्यानं काही झालं नाही. ते पहिल्यापेक्षा जास्त मतांनी आले आणि आमच्या ओसरीवर गुलाल पडला. तो मी झाडला.

आता आम्ही दोघीच जातो, मी आणि लेक. तिला मी वर्ध्याला पाठवलं नाही याचा राग आहे. परवा नाल्याजवळ तिच्या चपलेचा पट्टा तुटला. मी पिन काढून लावायला लागले तर तिनं पाय मागं घेतला.

"वर्ध्याले असती तं बूट असते मले."

"ते शाळा त्याईनंच बंद केली बेटा."

"मोठ्या बाबानं मले बोलावलं होतं. तूच नाई जाऊ देलं."

मी तिला समजावून सांगणार होते. पण सगळं कुठून सुरू करायचं ते मला सुचेना, आणि शाळेला उशीर होत होता. तिनं तुटकी चप्पल हातात घेतली आणि एका पायानं अनवाणी, माझ्यापुढं, कपाशीच्या पऱ्हाट्यांमधल्या वाटेनं चालत गेली. मी तिच्या मागं. शाळेच्या फाटकाशी ती थांबली नाही. मी चप्पल मागितली, म्हटलं शिवून आणते. तिनं ती माझ्याकडं न बघता मागं धरली, आणि मी घेतली.