चूक तुमची हाय, पावणं

गाडी कुठं घासली की ते आधी आरशात बघून टोपी सरळ करायचे. मग सावकाश उतरायचे आणि दोन्ही गाड्यांकडं ढुंकूनही न बघता समोरच्या ड्रायव्हरपुढं बोट नाचवायचे. "चूक तुमची हाय, पावणं!" काय झालं, कसं झालं, हे सगळं त्यानंतर.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्या वाट्याला तो शेजारी म्हणून आला. सत्तरच्या सुमाराला राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत आलेली पहिली मोटार म्हणजे त्यांची फियाट. बांधकामाचे ठेकेदार होते. गाडी त्यांना नीट चालवता येत नाही, हे ते सोडून साऱ्या गल्लीला माहीत होतं.

मी गडमुडशिंगीच्या शाळेत मास्तर. त्यांचं काम त्याच बाजूला चाललेलं, म्हणून रोज सकाळी मला गाडीत घ्यायचे. मला तो शेजारधर्म वाटला. खरं कारण महिन्याभरात कळलं. एका टांग्याच्या चाकाला गाडी घासली आणि हे आधी घोड्यावरच ओरडले.

टांगेवाला म्हणाला, "सायेब, वळताना तुमीच आत आलासा की!"

यांनी लगेच माझ्याकडं बोट केलं. "हे मास्तर हायत. मास्तर खोटं बोलत न्हाईत. इचारा त्यास्नी!"

मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो. माझं गप्प राहणं ही साक्ष ठरली. टांगेवाला पुटपुटत निघून गेला. गाडीत बसल्यावर हे खुशीत म्हणाले, "बघितलंसा न्हवं, मास्तर? आवाज आदी चढवायचा. निम्मी माणसं तितंच गार!"

मीही गारच होतो. एस.टी.ची गर्दी चुकत होती ना!

एका सकाळी गडमुडशिंगीच्या फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. चहा झाल्यावर यांनी मागं न बघताच गाडी मागं घेतली. मागं एक जीप उभी होती, रस्ता सोडून, झाडाखाली. तिचा दिवा खळ्ळकन फुटला. जीपचा ड्रायव्हर चहाच्या टपरीत बाकावर चहा पीत होता. दस्तगीर त्याचं नाव; साठीला आलेला, पांढऱ्या दाढीचा. शिरोळच्या एका जैन व्यापाऱ्याकडं बावीस वर्षं नोकरीला होता. तो कप ठेवून धावत आला.

"चूक तुमची हाय, पावणं!"

"आवो, माझी गाडी हुबी हाय," दस्तगीर चकित होऊन म्हणाला.

"हुबी केलीसाच कशाला हितं? मास्तर, सांगा की!"

माणसं जमली होती. त्यातल्या दोघाचौघांची पोरं माझ्या वर्गात होती. मी म्हणालो, "जीप... जरा रस्त्यात होती."

दस्तगीरनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "मास्तर, तुमी म्हणताय म्हंजे आसंल," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं ठेकेदारांपुढं हात जोडले. नमस्कार स्वीकारावा तसे यांनी ते जोडलेले हात स्वीकारले. मग गाडीत शीळ वाजवायला लागले.

त्या दिवशी वर्गात मला फळ्याकडं तोंड करूनच उभं राहावंसं वाटत होतं.

रविवारी एस.टी.नं शिरोळ गाठलं. जीपच्या मागं दुकानाचं नाव रंगवलेलं होतं, त्यावरून व्यापाऱ्याचं घर सापडलं. दस्तगीरकडून जीप काढून घेतली होती. त्याला गोदामाच्या दारात राखण करायला बसवलं होतं. मी मालकांना सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट.

ते म्हणाले, "मी त्याला धा वेळा इचारलं. म्हणाला, मास्तर म्हणाले म्हंजे चूक माझीच. मास्तर कशाला खोटं बोलतील?"

त्यांनी खुंटीवरची जीपची किल्ली काढली, स्वतः गोदामाशी गेले आणि दस्तगीरच्या हातात दिली. मग दस्तगीरनं मला त्याच जीपमधून स्टँडवर सोडलं. वाटेत तो एकदाच बोलला. "यवढ्या लांब आलासा, मास्तर."

सोमवारी गाडीत मी ठेकेदारांना हे सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. त्यांना गाडी कडेला घेता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

"मास्तर, मी तुमास्नी रोज गाडीतनं न्हेतो."

"व्हय."

"आन् तुमी माझ्याच इरुद्ध?"

"जीप उभी होती."

"उतरा," ते म्हणाले.

पुढची सात-आठ वर्षं मी एस.टी.च्या थांब्यावर उभा राहायचो आणि ते काचा वर करून समोरून जायचे. चैत्रातसुद्धा काचा वर. मग शेजारची जागा रिकामी असलेली ती गाडी बघताना कधी कधी वाटायचं, आता हा माणूस कुणाला साक्षीला उभं करत असेल? लगेच मी ते वाटणं झटकून टाकायचो.

पुढं त्यांची नजर अधू झाली. गाडी विकून ते मुलाकडं पुण्याला गेले. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा गल्लीतलं एकही दार उघडलं नाही; माझंही नाही. गाडी उभी राहायची त्या जागेवर दुसऱ्याच आठवड्यात बायकांनी चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या.