बाळासाठी आणलेला शाम्पू

मोठ्यांनी लहान मुलांच्या शाम्पूने केस धुवावेत काय, असे विचारत नातीने काल बाटली माझ्या नाकाशी धरली. तो मंद वास मी ओळखला. चाळीस वर्षांपूर्वी सीताबर्डीच्या बाजारातून मी तशीच बाटली हौसेने आणली होती. बाळ तीन दिवस जगले.

महिन्याभराने पत्नी न्हाणीघरात त्याच शाम्पूने केस धूत होती. शिकेकाई शेजारी तशीच पडली होती. मला राग आला.

"तो लहान मुलांचा आहे," मी म्हणालो.

"मंग आता कोणासाठी ठेवू जी?" तिने डोळे मिटूनच विचारले. मग मान पुढे करून म्हणाली, "पाणी टाका."

मी तांब्याने पाणी ओतत राहिलो. फेस केव्हाच वाहून गेला. तिने थांबा म्हटले नाही आणि मलाही थांबता आले नाही.