बंदूक ठाण्यात होती

विसरले ना?

विसरलेच असाल. मागच्या साली याच फोटोखाली सारे हात जोडून गेले, अन् आता "हा बुढा कोण?" म्हणून फोटो मोठा करून पाहून राहिले.

हा माहा बुढा. गोविंदा. आज त्याले जाऊन वर्ष झालं.

मी बोलून राहिली, नात सोनू टाइप करून राहिली. मले अक्षर येत नाही. चूक दिसली तर तिले बोला.

बुढा डेबरा होता. सारं काम डाव्या हातानं. जेवण डाव्या हातानं, विळा डाव्या हातानं. पंगतीत त्याले एका टोकाले बसवत, नाहीतर त्याचं कोपर बाजूच्याच्या वरणात जाय.

बंदूकही डाव्याच खांद्याले लावे.

लायसनची होती. एकनळी, बारा बोर. धान भरलं की रानडुकरं बांधीत, धानाच्या वावरात, उतरत. त्यायले मारायचं नाही, फक्त हवेत बार काढायचा. आवाजानं पळत.

डुकरं पळत. बुढा मचाणीवर खांदा धरून बसे.

त्या बंदुकीची लाथ म्हणजे म्हशीची लाथ. खांदा पिकल्या जांभळासारखा होऊन जाय.

बाजूच्या बांधीतले दामू भाऊजी त्याले शिकवत. त्यायच्याजवळही बंदूक हाय.

"दस्ता खांद्यात घट्ट बसव बे. सैल धरशीन तर लागनच."

"घट्टच धरतो ना."

"मग खांबाले पाठ काहून टेकतो? अंग मागं जाऊ दे थोडं. टेकून बसला तर सारी लाथ एकटा खांदा खाते."

"मागं जाऊ दिलं तर मचाणीवरून खाली पडीन, तू झेलशीन काय?"

मचाणच तेवढी अरुंद. टेकल्याबिना बसताच येत नव्हतं.

मग मी जुन्या लुगड्याची गादी शिवली. आत कापूस भरला अन् बंडीले आतून टाचली.

पहिल्या वेळी सवयीनं उजव्या खांद्याले टाचली. बुढा बंडी घालून उभा राहिला अन् म्हणे, "आता बंदूक इकडं घेऊ, का खांदा तिकडं नेऊ?"

दिवसभर हसलो आम्ही.

दर साली तेच. संध्याकाळी बार, सकाळी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, मग मिठाच्या पुरचुंडीचा शेक. गोविंदाचा खांदा दुखला म्हणजे डुकरं आली, हे गावाले पाठ होऊन गेलं होतं.

मागच्या साली इलेक्शन लागलं.

इलेक्शन आलं की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बुढ्यानं चादरीत गुंडाळून स्वतः नेऊन दिली. मग डुकरांसाठी तेलाचा रिकामा पिपा वाजवत बसे.

त्या सकाळी आंगणात बसला होता. डावा खांदा धरून.

"सोनूची आजी, खांदा लय दुखून राहिला."

"मग? यात नवीन काय सांगता?"

तेल लावलं.

"आज हातात उतरून राहिलं व."

अजून तेल लावलं. शेक दिला. त्याले घाम फुटला. मले वाटलं, शेकाचा घाम.

दामू भाऊजी आले. पाहिलं. म्हणाले, "बंदुकीचा धक्का हाय वहिनी. दोन दिवसांत उतरते."

बुढाही म्हणे, "हो, लाथ जोरात बसली वाटते."

कोणती लाथ जी?

बंदूक ठाण्यात होती.

ज्यानं स्वतः नेऊन दिली, त्याच्याही ध्यानात नाही. माह्या नाही. भाऊजींच्या नाही. दुखणं जुनं, खांदा तोच, तेलाची शिशी तीच. कोणी पुढचा विचारच केला नाही.

दुपारी तोंड राखेसारखं झालं तेव्हा गाडी बोलावली. अड्याळच्या दवाखान्याच्या रस्त्याले लागलो अन् त्याचं डोकं माह्या मांडीवर सैल पडलं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. "सकाळपासून दुखत होतं, मग आणलं काहून नाही?"

तिथं, दवाखान्याच्या बाकड्यावर, मले बंदूक आठवली.

लोक म्हणतात, वय झालं होतं, हाल झाले नाहीत, चांगलं मरण आलं.

सकाळपासून तो मरून राहिला होता अन् मी तेल चोळून राहिली होती. याले चांगलं म्हणतात काय?

तेलाची शिशी तिथंच हाय, भिंतीतल्या देवळीत. फेकताही येत नाही, लावताही येत नाही. गुडघे दुखतात तर दुखू देतो.

डुकरांनी यंदा अर्धी बांधी लोळवली. लोळवू दे. पिपा वाजवायले मी गेली नाही. कोणासाठी वाजवू?

सोनू म्हणते, "आजी, पोस्ट वाचून कोणाचा तरी जीव वाचन."

मले नाही वाटत. वाचाल, हात जोडाल, विसराल.

तरी सांगतो. डावा खांदा दुखून हातात उतरला, घाम सुटला, तर तेल शोधू नका. दवाखान्यात जा. बंदूक घरात असली तरी जा.

दामू भाऊजी, तुमी वर्षभर आमच्या दारावरून गेले नाही. तलावाच्या पाळीवरून वळसा घालून जाता. मले दिसते सारं, डोळे चांगले हायेत माहे.

विसरले तुमी एकटेच नव्हते जी.

गोविंदा, ये आता पानावर. माह्याकडून आणखी काही होत नाही.

आज त्याचं पान वाढायचं हाय. पेढे, बिस्किटं, केळी कोणी पाठवू नका, गोड त्याले चालत नव्हतं. भाऊजी, तुमच्या घरचे लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवा, जे तुमच्या डब्यातून काढून तो मचाणीवर खात होता. मिरची जास्त टाका. अन् कोणाच्या हाती देऊ नका, तुमीच घेऊन या.

पानावर डाव्या बाजूले ठेवीन.