कडब्याचा जोगवा
भिजलेल्या कडब्याचा आंबूस वास आला, की मला पुरानंतरची ती नवरात्रातली सकाळ आठवते. देवळातल्या आम्ही आराधी बायकांनी त्या वर्षी पिठाऐवजी दारोदार कडब्याचा जोगवा मागितला होता, नदीनं ज्यांचा चारा नेला त्यांच्या जनावरांसाठी. जमलेल्या पेंढ्या वाटायला निघालेला ट्रॅक्टर सवयीनं मानकऱ्यांच्या दारात थांबला, कारण देवीची पालखीही पहिली तिथंच थांबते. आम्ही पेंढ्या उतरवायलाही लागलो. मानकरी हात जोडून म्हणाले, "देवीचं पयलं आमच्या दारात, रीतच हाय." तशी आमच्यातली सगळ्यात म्हातारी आराधीण गळ्यातली कवड्यांची माळ सावरत ट्रॉलीवर चढली. "व्हय अण्णा, पालखीची रीत हाय ती. पर ह्यो जोगवा हाय. तुमची कडब्याची गंजी माळावर कोरडी हाय, अन् नदीकाठच्या गाया चिखल हुंगायल्यात. पेंढ्या वर टाका, न्हायतर म्या खाली उतरत न्हाय." मग अण्णांनीच पायाजवळची पेंढी उचलून ट्रॉलीत टाकली. आता ती म्हातारी नाही, तिची जोगव्याची परडी माझ्याकडं आहे. परवा पुन्हा नदी चढली, आणि कडब्याचा ट्रॅक्टर मानकऱ्यांच्या दाराशी जरा मंदावला. मी ट्रॉलीतूनच ओरडले, "थांबू नको, थेट नदीकाठी घे!"