सभेतला सुधारलेला माणूस

कल्याणच्या शाळेतली माझी मास्तरकी दारूने घालवली. कोणी चहाडी केली नाही की कट केला नाही. तपासणीच्या दिवशी साहेबांपुढे मी खुर्चीवरून खाली बसलो, तो उठलोच नाही. पुढे मी कुठे कुठे पडलो ते ठाण्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. ते त्यांना कसे पाठ झाले, तेच सांगायचे आहे.

थोरली बहीण नौपाड्यात राहत असे. तिचे यजमान कचेरीत कारकून. तिने मला कल्याणहून आणले, माडीवर ठेवले, पेज पाजली, आणि दारू सुटली. सुटताना अंगातून घाम गेला, ताप गेला, आणि आपण कोणीतरी आहोत ही समजूतही गेली. वाण्याकडे गेलो तर तो माझ्याशी बोलण्याआधी माझ्यामागे घरचे कोणी आले आहे का ते पाही. मीही वळून पाही.

अशा वेळी मेहुण्यांच्या ओळखीतल्या दारूबंदीवाल्या मंडळींनी मला हेरले. दर रविवारी संध्याकाळी त्यांचे व्याख्यान असे. अध्यक्ष पेन्शन घेतलेले अंमलदार होते. त्यांनी आयुष्यात थेंबही घेतला नव्हता, त्यामुळे दारूविषयी ते कितीही वेळ बोलू शकत. ऐकायला मात्र फारसे कोणी येत नसे. मी उभा राहून माझी हकिकत सांगू लागलो आणि अध्यक्षांच्या ओटीवर जागा पुरेना.

मंडळींचे चिटणीस एक तरुण वकील होते. त्यांना हकिकतीचे अंग चांगले कळे. मी रस्त्याच्या कडेला पडलो होतो, ते त्यांच्या सूचनेवरून श्रावणात गटारात पडलो आणि कार्तिकापर्यंत गटारात एक डुक्करही आले. डुकरापाशी लोक हसत, बहिणीपाशी डोळे पुसत. "आता मी पीत नाही" असे म्हणताच वहाणा शोधू लागत. बहिणीने मला नवा अंगरखा शिवला, तर चिटणिसांनी मला बाजूला घेऊन जुना, फाटकाच घालून यायला सांगितले. नव्यात मी लोकांना पटत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मलाही ते पटले. त्या दिवसांत मला माझ्याविषयीचे काहीही वाईट चटकन पटत असे.

एका दुपारी बहिणीने निवडायचे तांदूळ बाजूला सारले, माझ्यापुढे धूळपाटी ठेवली आणि आपल्याला वाचायला शिकव म्हणाली. आजाऱ्याला खेळणे द्यावे तसे ती मला देते आहे असे वाटून मी हसलो. ती रागावली.

"मला मास्तर हवाय," ती म्हणाली. "या घरात तू एकच आहेस."

मी 'ग' काढला. बोट कापत होते, तेव्हा त्याची उभी रेघ पाण्यातल्या काठीसारखी आली. हा असाच वाकडा काढायचा का, असे तिने विचारले. मी नाही म्हटले.

"मग नीट काढ. मी तुझं बघून काढणार आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी माडीवर एकटाच अक्षरे गिरवू लागलो. दुपारी तिला शिकवी. बाराखडी झाली, तसा मी थोडा कडकही झालो. एकदा तिने वेलांटी चुकवली तेव्हा मी तिला रागे भरलो आणि मग घाबरून थांबलो. आता ही माझे सगळे उणेदुणे काढणार, असे वाटले. ती मान खाली घालून वेलांटी पुसत होती. त्या संध्याकाळी मी भिंतीचा आधार न घेता जिना उतरलो.

मेहुण्यांना हे ठाऊक होते, पण त्यांनी ठाऊक नसल्याचे ठरवले होते. बायकोचा दारुडा भाऊ सुधारला म्हणून गावात त्यांची वाहवा होत होती. बायको वाचते हे कळले तर तोंड कुठे लपवावे, ही त्यांना चिंता होती.

मग मंडळींची वार्षिक सभा आली. मी नवा अंगरखा घालून गेलो. चिटणिसांचा चेहरा पडला. माझे नाव पुकारले गेले तेव्हा मी एवढेच म्हणालो, "मी पीत असे. आता पीत नाही. सध्या शिकवतो. एक विद्यार्थीण आहे, ती जोडाक्षरांपर्यंत आली आहे."

मागून कोणीतरी डुकराचे काय झाले म्हणून विचारले.

"डुक्कर नव्हते," मी म्हणालो.

अध्यक्ष लगबगीने पुढे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवण्याच्या मिषाने त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. वेलदोड्याचा वास आला. वेलदोडा माणूस कशासाठी खातो हे मंडळींना चांगले माहीत होते. शिवाय मी मान वर करून बोललो, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. मी पुन्हा पिऊ लागलो असल्याचे सर्वानुमते ठरले. पुढच्या रविवारी माझ्या जागी बाळकुमचा एक गृहस्थ उभा राहिला. तो माझ्यापेक्षा कितीतरी सुरेख रडे. सभेत बोलायची भीती वाटते म्हणून तो येण्याआधी थोडी घेत असे, ते मंडळींना पुढे कळले. पण गर्दी चांगली जमत होती, तेव्हा त्यांनी ते मनावर घेतले नाही.

वार्षिक सभेला माजिवड्याचे पाटील आले होते. सभेतून निघालो तेव्हा पायरीवर त्यांनी मला थांबवले. गावात शाळा काढायची होती आणि मास्तर मिळत नव्हता. पिण्याची इच्छा झाली की मी पोरांना मारीन का, असे त्यांनी सरळ विचारले. माझ्या मोठेपणाशी किंवा पतनाशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. मी म्हणालो, अजून तशी वेळ आलेली नाही, तेव्हा छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्यांनी मिशी चोळत बराच विचार केला.

"सोमवारी या," ते म्हणाले. "बघू."

शाळा देवळाच्या पडवीत भरे. वाटेत ताडीचे दुकान होते. बहुतेक दिवशी मी त्यावरून सरळ जाई. एके दिवशी पाय अडले, तेव्हा मी मागे फिरून एका बांधावर बसलो आणि कासावीस होणे ओसरेपर्यंत हललो नाही. त्यात खूप उशीर झाला. पाटील दारात उभे असतील अशी मनाची तयारी करून पोहोचलो, तर पोरांनी माझ्यावाचूनच पाढे सुरू केले होते, खड्या आवाजात आणि साफ चुकीचे. मी वहाणा काढल्या आणि त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावले.