दादाची सॅक

इंदिरानगरातल्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा लीडर आम्हा सगळ्यांपेक्षा वयानं मोठा, म्हणून त्याला दादा म्हणायचो. अलंग-मदन-कुलंगच्या तीन दिवसांच्या ट्रेकला निघालो, तेव्हा पायथ्याच्या गावात त्यानं माझी सॅक काट्याला लटकवली. साडेतेरा किलो.

"लग्नाला निघालीस का?" म्हणत त्यानं ती सगळ्यांसमोर अंगणात उपडी केली. माझे आतले कपडेसुद्धा धुळीत पडले. सगळे हसले. माझी मोठी लेन्स त्यानं जीपमध्ये ठेवून दिली. "पक्षी डोळ्यांनी बघायचे असतात."

दुसऱ्या दिवशी कड्याखालून एक गिधाड तरंगत वर आलं, आमच्यासमोरून सावकाश गेलं. माझ्या छोट्या लेन्समधून ते नुसतं ठिपक्याएवढं दिसलं. परत दादाबरोबरच यायचं, हे मी तिथंच ठरवलं.

मग वर्षभर मी सॅकचं वजन कमी करायच्या मागे लागले. ट्रायपॉड सोडला, चालायच्या काठीलाच कॅमेरा बसेल असा स्क्रू लावून घेतला. जीन्स गेली, लवकर वाळणारी एकच पँट आली. कॅमेऱ्याची जाड बॅग घरी ठेवून लेन्स स्वेटरमध्ये गुंडाळली. बिस्किटांच्या पुड्यांऐवजी मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या पाण्याच्या बाटल्या पाठीवर घेऊन चढायचे. दम लागला की दादाचा चेहरा आठवायचे. पाय आपोआप उचलले जायचे.

पुढच्या हिवाळ्यात तोच ट्रेक, तोच दादा. त्याची सॅक कुणी तोलली नाही. मदनच्या आडव्या वाटेवर तो सारखा गुडघे धरून बसायला लागला. शेवटी मला म्हणाला, "थोडं सामान घेशील का? तुझी सॅक हलकी दिसते."

"घेते की. आधी बघू दे, काय काय आहे."

त्यानं नको म्हणायच्या आत मी त्याची सॅक खडकावर रिकामी केली. एकेक वस्तू उचलून मोठ्यानं नाव घेतलं. घडीची खुर्ची. स्पीकर. डिओच्या दोन बाटल्या. त्याचा स्वतःचा फोटो छापलेला बॅनर. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"पुरे ना आता," तो हळूच म्हणाला.

"खालचा कप्पा राहिलाय, दादा."

पाणी आणि शिधा मी घेतला, कारण तो सगळ्यांचा होता. खुर्ची, स्पीकर, बॅनर परत भरून सॅक त्याच्याच पाठीवर चढवली. उतरेपर्यंत मी त्याच्या मागोमाग चालले. वाकलेली ती पाठ मला पोटभर बघायची होती.

घोटीला जीप थांबली तेव्हा ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणाली, "एवढं करायला नको होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं."

"मला बघवत होतं," मी म्हणाले.

आता तो ग्रुपमध्ये येत नाही. कधी भाजीबाजारात दिसला की मान वळवून दुसऱ्या गाळ्याकडे जातो. मी मुद्दाम हाक मारते, गुडघे कसे आहेत विचारते, आणि तो उत्तर देईपर्यंत समोर उभी राहते.